सीमेवरची शांतता पायी चालत आली : कंबोडियाची धम्मयात्रा

जुलै २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर पाच दिवस तोफा धडाडल्या. दोन्हीकडच्या लाखो लोकांना घरे सोडावी लागली. दोन्ही देश बौद्ध आहेत, तरीही युद्ध झाले. म्हणजे केवळ बौद्ध असणे ही शांततेची हमी नाही. शांतता घडवावी लागते. ती कशी घडते, हे याच सीमेवर तीस वर्षांपूर्वी दिसले होते.

१९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीत कंबोडियात सुमारे १७ लाख लोक मरण पावले. जीव वाचवून असंख्य लोक थायलंडच्या सीमेवर आले. तिथल्या साकेओ छावणीत भन्ते महाघोसानंद पोहोचले. त्यांचे शिक्षण बिहारमधील नालंदा येथे झालेले. त्यांचे सारे कुटुंब या हिंसाचारात संपले होते. छावणीत पीडित होते आणि ख्मेर रूजचे सैनिकही होते. भन्तेंनी तिथे साधे विहार उभारले आणि सर्वांना मेत्तसुत्ताच्या प्रती वाटल्या. समेट म्हणजे आपले हक्क सोडून देणे नव्हे, हेही ते स्पष्ट सांगत.

१९९१ मध्ये पॅरिस करार झाला. पण साडेतीन लाखांहून अधिक निर्वासितांना परतायचे होते ते सुरुंग पेरलेल्या जमिनीवर, एकमेकांवर विश्वास न उरलेल्या गावांत. एप्रिल १९९२ मध्ये भिक्खू आणि सुमारे शंभर निर्वासित सीमा ओलांडून पायी निघाले. हीच पहिली धम्मयात्रा. वाटेत गावकरी पाण्याची भांडी घेऊन उभे राहत, भिक्खू ते पाणी आशीर्वाद म्हणून शिंपडत. वर्षानुवर्षे ताटातूट झालेले नातेवाईक एकमेकांना भेटले. महिनाभराने राजधानी नोम पेन्हला पोहोचेपर्यंत चालणाऱ्यांची संख्या हजारावर गेली होती. करार नेत्यांनी केला, पण लोकांच्या मनातली भीती या चालण्याने कमी केली.

हा मार्ग सोपा नव्हता. १९९४ च्या यात्रेत गोळीबारात सापडून एक भिक्खू आणि एक साध्वी मरण पावल्या. यात्रा थांबली नाही, शिस्त मात्र कडक झाली. शस्त्रधाऱ्यांना सोबत घ्यायचे नाही आणि अहिंसेचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय चालायचे नाही, यावर भर दिला गेला. पुढे भूसुरुंग आणि जंगलतोड हे प्रश्नही यात्रेने उचलले.

आपल्याला ही वाट अनोळखी नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे ते शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद. सीमेवरची ती नदी, तेच भांडण. संघाचे बहुमत युद्धाच्या बाजूने गेले, तरी सिद्धार्थाने शस्त्र उचलण्यास नकार दिला आणि त्याची किंमतही मोजली.

तरुण कार्यकर्त्यांनी यातून एवढे घ्यावे : तणावाच्या गावात मोर्चा निघण्याआधी प्रशिक्षण हवे, मोर्च्यानंतर त्या गावात पुन्हा जाणे हवे. न्यायाची मागणी ठाम असावी आणि मनात वैर नसावे. मैत्री ही भावना खरी, पण तिला रोजच्या कामाची जोड लागते.