'मी येतो' म्हणणाऱ्या मुली

कोल्हापूरची मुलगी फोनवर आईला सांगते, 'व्हय गं, जेवलो मी. उद्या येतो.' शिकायला पुण्यात गेली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिला टोकतं, 'अगं येतो काय? येते म्हण.' ती ओशाळते आणि महिनाभरात बोलणं बदलून टाकते. खरं तर ओशाळण्यासारखं यात काहीच नाही. कन्नडमध्ये 'मी'बरोबर येणारं क्रियापद बाईचं वेगळं आणि पुरुषाचं वेगळं नसतं. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलींच्या 'येतो', 'जातो'मागे कन्नडचा हाच शेजार असावा, असं मानलं जातं. ज्याला घरचे 'गावंढळ' म्हणतात, ते भाषा अभ्यासणाऱ्याच्या दृष्टीनं घबाड असतं.

असं घबाड शोधत एक प्राध्यापक थेट अमेरिकेहून आपल्या भागात आला होता. जॉन गम्पर्झ हा मुळात रसायनशास्त्राचा पदवीधर. पुढे तो भाषेकडे वळला, मिशिगनमधल्या जर्मन शेतकऱ्यांच्या बोलीवर त्यानं डॉक्टरेट केली आणि बर्कलीच्या विद्यापीठात शिकवू लागला. रॉबर्ट विल्सन या सहकाऱ्यासह त्यानं अभ्यासाला निवडलं ते सांगलीजवळचं कुपवाड. आज सांगली-मिरजेच्या महापालिकेत सामील झालेलं कुपवाड तेव्हा जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव होतं. जैन आणि लिंगायतांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, भूमिहीन दलित मजुरांच्या घरी मराठी आणि दोर वळणाऱ्या थोड्या कुटुंबांत तेलुगू. एका गावात चार भाषा, आणि त्याही दोन वेगवेगळ्या भाषाकुलांतल्या.

शेतात, बाजारात, चावडीवर ही माणसं रोज एकमेकांशी बोलत होती. घरात मात्र ज्यानं त्यानं आपली भाषा सोडली नाही. पिढ्यान्‌पिढ्या असं चालल्यावर काय व्हावं? शब्द आपापले राहिले, पण वाक्यांची घडण एक होत गेली. कुपवाडच्या उर्दूतलं वाक्य घ्यावं, शब्दाच्या जागी शब्द ठेवत जावं, की तिथली मराठी तयार होते, तशीच कन्नडही. लिंगाचंच पाहा. कन्नडमध्ये पुरुष पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी आणि निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी, असा सरळ हिशेब असतो. मराठीत आणि उर्दूत मात्र खुर्ची 'ती' का आणि पंखा 'तो' का, याला उत्तर नाही. कुपवाडच्या मराठीनं आणि उर्दूनं हा कन्नड हिशेब उचलला. 'नदी आली' हे दिल्ली-लखनौच्या उर्दूत 'नदी आई' होतं, कुपवाडकर मात्र 'नदी आया' म्हणे. ही चूक नव्हती, गावानं मिळून बसवलेलं व्याकरण होतं.

गम्पर्झ आणि विल्सन यांचा यावरचा लेख 1971 साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत कुपवाडचं नाव घेतलं जातं. कोल्हापूर-सांगलीच्या किती शाळांत ते सांगितलं जातं, हा प्रश्न मनाला लागतो. सुमारे चाळीस वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या सोनल कुलकर्णी-जोशी पुन्हा कुपवाडला गेल्या आणि त्यांनी आधीच्या निष्कर्षांची फेरतपासणी केली. त्यांच्याच नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं. गावोगाव जाऊन लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, कुठला शब्द नि कुठलं रूप कुठवर चालतं ते नकाशावर दाखवायचं, असं हे काम. त्याचं संकेतस्थळ कुणालाही पाहता येतं.

हे काम करणारी माणसं तयार कशी होतात? पदवी कुठल्याही विषयाची चालते. पुढे दोन वर्षांचं एम.ए. डेक्कन कॉलेजात किंवा मुंबई विद्यापीठाच्या भाषाशास्त्र विभागात करता येतं. प्राध्यापकीसाठी नेट परीक्षा असते आणि तिच्यात भाषाशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. मग काम कुठं मिळतं? म्हैसूरची भारतीय भाषा संस्था 1969 पासून उभी आहे. दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात अशा भाषांच्या नोंदणीची केंद्राची योजना 2013 पासून तिच्याकडे आहे. शब्दकोशांची कामं असतात. संगणकाला भारतीय भाषा ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्यांनाही आता भाषेचा जाणकार लागतो.

वाट मात्र खडतर आहे, हे आईबापांना आधीच सांगायला हवं. कायमच्या जागा थोड्या, आणि प्रकल्पावरची नेमणूक प्रकल्पाबरोबर संपते. कामही चिकाटीचं. पहिल्या दिवशी हात, डोळा, पाणी, आई, एक-दोन-तीन अशा साध्या शब्दांपासून सुरुवात होते. मग एखादी आजी गोष्ट सांगते. गोष्ट दहा मिनिटांची असली तरी ती उच्चारानुसार उतरवून, शब्द फोडून, प्रत्येक तुकड्याचा अर्थ लावायला कित्येक दिवस जातात. आजीला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं आणि तिनं कंटाळू नये इतकी माया आधी जोडावी लागते.

ही माया घरच्या माणसाला लवकर साधते. कैकाडी समाजाची भाषा तमिळच्या नात्यातली. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' या आत्मकथनामुळे ती मराठी वाचकाच्या कानावर आली. पण तिचं व्याकरण, तिचा कोश हे काम कैकाडी घरातल्याच एखाद्या मुलीनं हाती घेतलं तर तिला जे ऐकू येईल, ते बाहेरच्याला येणार नाही. आणि अशा भाषा थोड्या नाहीत. 2011 च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून 19,569 नावं सांगितली. छाननी आणि वर्गवारी होऊन शेवटी 121 भाषा उरल्या. शिवाजी विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकलेले गणेश देवी यांनी लोकांना बरोबर घेऊन 2010 पासून भाषांचं लोकसर्वेक्षण केलं, तेव्हा हाच आकडा 780 निघाला.

कोल्हापूरला हा व्यासंग नवा नाही. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे, मातृभाषा कन्नड. 1930 पासून 1962 पर्यंत त्यांनी राजाराम कॉलेजात अर्धमागधी ही प्राकृत भाषा शिकवली. वर्गात विद्यार्थी मोजके असत, पण प्राकृत-अपभ्रंशाच्या पोथ्या ताडून त्यांनी इथून ज्या संहिता छापल्या, त्यांवर जगातले प्राकृताचे अभ्यासक आजही विसंबतात. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीबरोबरच प्राकृतालाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हा शहरात मराठीसाठी पेढे वाटले गेले, उपाध्यांचं नाव मात्र फारसं कुणी घेतलं नाही.

त्यांनी 1959 साली संपादित केलेल्या 'कुवलयमाला' या प्राकृत ग्रंथात एक बाजार आहे. उद्योतनसूरींनी राजस्थानातल्या जालोरला तो ग्रंथ इसवी सन 779 च्या सुमारास पुरा केला. त्या बाजारात प्रांतोप्रांतीचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलतात, आणि लेखक प्रत्येकाच्या तोंडचे एकदोन शब्द जसेच्या तसे टिपून ठेवतो. मरहट्ट्याची पाळी येते तेव्हा तो देण्याघेण्याचे दोन शब्द बोलतो. त्या दोन्ही शब्दांच्या शेवटी आपल्या 'दिले', 'घेतले'तला 'ल' ऐकू येतो.