जुन्या ट्रम्पेटची झणझण

केळवे-पालघरकडच्या वरातीत जुना ट्रम्पेट एखाद्याच सुरावर झणझणला, तर लोक वादकाकडे बघतात. तो बिचारा बहुधा निर्दोष असतो.

ट्रम्पेटचा आवाज मुख्यतः नळीतल्या हवेचा. पितळेचं कंपन त्या मानानं किरकोळ. पण एखादा सांधा सुटला की तेच कानाला टोचतं. पहिला संशय बेलच्या, म्हणजे पुढच्या रुंद तोंडाच्या, काठावर घ्यावा. तिथं पत्रा तारेवर वळवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी, वाकण्यानं डाख सुटतो आणि तार आतल्या आत थरथरते. वादकानं तो सूर लांब धरावा, दुसऱ्यानं काठ चिमटीत धरून जागोजागी दाबत जावं. झणझण थांबेल तिथंच दुखणं. मग कथलाचा डाख पुन्हा द्यायचा. आच बेताचीच, फार तापलं तर पितळ मऊ पडतं. काठ ठीक निघाला तर नळ्या जोडणारे आडवे दांडे तपासावेत.

जुन्या जर्मन ट्रम्पेटांच्या काठाला पत्र्याची जादा पट्टी, ‘क्रान्त्स’, असे. तीही थरथर आवरते. वरात दारात उभी असेल तर काठामागे चिकटपट्टीचा तुकडा लावूनही वेळ निभावते. सगळी बेल मात्र गुंडाळू नये. वाद्य हाताला मुकं लागतं.