स्वच्छ वर्तुळ दिसले, पण सिद्ध काय झाले?

एखादा पदार्थ जिवाणूंना मारतो का, हे तपासायला जंतूंचे संवर्धन आणि थोडा धीर पुरेसा आहे, असे वाटते. गेल्या सुमारे दीडशे वर्षांचा अनुभव मात्र सावध करणारा आहे.

१८८१मध्ये रॉबर्ट कॉख यांनी अँथ्रॅक्सचे बीजाणू लावलेले रेशमी धागे निरनिराळ्या जंतुनाशकांत बुडवले आणि मग पोषक माध्यमावर ठेवले. मर्क्युरिक क्लोराइड अव्वल ठरले. १८८९मध्ये गेपर्ट या संशोधकाने दाखवले, की बीजाणूंबरोबर आलेला पाराच माध्यमात त्यांची वाढ रोखून धरतो. अमोनियम सल्फाइडने तो निष्प्रभ करताच मेलेले समजलेले बीजाणू वाढू लागले. वाढ थांबणे वेगळे आणि मरणे वेगळे, हे तेव्हा कळले.

पुढचा धडा उलट्या बाजूने आला. १९३२च्या अखेरीस जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी स्ट्रेप्टोकॉकसची लागण केलेल्या उंदरांना प्रॉन्टोसिल हे लाल रंगद्रव्य दिले आणि ते वाचले. परीक्षानळीत मात्र तेच द्रव्य निष्क्रिय! १९३५मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये उलगडा झाला: शरीरात त्यापासून सल्फानिलामाइड तयार होते आणि खरे काम तेच करते. नुसत्या परीक्षानळीवर विसंबले असते, तर सल्फा औषधे हातची गेली असती.

१९४०च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटली यांनी पेनिसिलिन मोजण्यासाठी जिवाणू पेरलेल्या आगारवर, म्हणजे जेलीसारख्या माध्यमावर, छोटी नळकांडी उभी केली. भोवती उमटणाऱ्या स्वच्छ वर्तुळाच्या व्यासावरून मात्रा ठरे. पुढे औषध लावलेल्या कागदी डिस्क आल्या, पण प्रत्येक प्रयोगशाळेची रीत निराळी. १९६६मध्ये सिअ‍ॅटलच्या बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी माध्यम, आगारची जाडी, जिवाणूंची घनता असे सारे ठरवून दिले. म्हणून आज नागपूरचा निकाल सिअ‍ॅटलच्या निकालाशी ताडता येतो.

तरीही मोठे वर्तुळ म्हणजे जबर औषध नव्हे. औषध आगारमध्ये किती पसरते, यावरही वर्तुळाचा आकार ठरतो. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा मोठा रेणू नीट पसरत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी डिस्कवर भरवसा न ठेवता द्रव माध्यमात किमान रोधक मात्रा, म्हणजे वाढ रोखणारी सर्वांत कमी मात्रा, काढतात.

आपल्या महाविद्यालयांत कडुनिंब, हळद, तुळशीचे अर्क हौसेने तपासले जातात. तिथे अर्क ज्यात काढला त्या नुसत्या द्रावकाची डिस्क शेजारी हवीच, नाहीतर अल्कोहोलचे श्रेय हळदीला जाईल. स्वच्छ वर्तुळ मिळाल्यावर किमान रोधक मात्राही काढायला हवी. विद्यार्थ्यांना हे नियम जाचक वाटू नयेत. त्यांतले बरेचसे कुणाच्या तरी फसलेल्या निष्कर्षातून आले आहेत, आणि ते पाळले तरच आपल्या वनस्पतींचे खरे गुण जगापुढे ठामपणे मांडता येतील.