व्ही, डब्ल्यू की बी

वसमत हा चार अक्षरी शब्द इंग्रजी लिपीत लिहायला घेतला की त्याची चार गावं होतात. रेल्वे स्थानकाचं नाव बी ने सुरू होतं. विधानसभा मतदारसंघाच्या नोंदीत बी तसाच राहतो आणि शेवटी एक एच चिकटतो. इथल्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नोंदीत व्ही आहे. तालुक्यातली पोरं मोबाइलवर लिहितात तेव्हा व्ही आणि डब्ल्यू यांत कुणी फारसा भेद करत नाही. टपालावर यातलं काहीही चालून जातं, कारण पोस्टमनला गाव ठाऊक असतं. संकेतस्थळाच्या पत्त्यात मात्र एक अक्षर चुकलं की गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जातं, नाहीतर कुठंच जात नाही.

तालुक्यातल्या काही हळद उत्पादकांनी मिळून कंपनी काढली आहे. शिजवणी, वाळवणी, पॉलिश उरकल्यावर ऐन उन्हाळ्यात ते नाव ठरवायला बसले, आणि त्यांच्यातल्या एकाशी जुनी ओळख असल्यामुळे मीही जाऊन बसलो. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात माल नेला, बीट झालं, पट्टी हातात पडली की शेतकऱ्याचं नाव तिथंच संपतं. "आपली हळद सांगलीला गेली की सांगलीची होती," एक काका म्हणाले. म्हणून यंदा थोडा माल स्वतःच दळून, पिशव्यांत भरून विकायचा होता. छापखानेवाला पिशवीवर टाकायला पत्ता मागत होता. घाई होती ती त्याची.

वहीत आधीच शब्दांची यादी झाली होती. शुद्ध, अस्सल, नॅचरल, गोल्ड, सेलम, हरिद्रा, मराठवाडा. यादी वाचून मला वाटलं, हे सगळे शब्द विकणाऱ्याच्या मनातले आहेत.

'शुद्ध' सगळ्यांना आवडला होता. पण अन्नपदार्थांच्या जाहिरातींविषयी २०१८ चे जे नियम आहेत त्यांत अशा शब्दांवर नेमकं बोट ठेवलेलं आहे. शुद्ध, नैसर्गिक, अस्सल असं विशेषण ब्रँडच्या नावातच घातलं, तर हे केवळ नाव आहे, मालाचं वर्णन नव्हे, अशी सूचना पिशवीवर छापावी लागते. म्हणजे वर 'शुद्ध' आणि खाली 'तसं समजू नये'. शब्द खोडला गेला. 'सेलम' हा इथं पेरतात तो वाण, पण सेलम तमिळनाडूतलं मोठं शहर आहे. बाहेरचा माणूस त्या नावावरून तिकडेच जाणार. 'हरिद्रा' कानाला गोड आणि लिहायलाही सरळ. वसमतच्या सरकारी हळद संशोधन केंद्राच्या नावातही तो आहे, आणि अडचण तीच. लोकांना दोन्ही एकच वाटतील. शिवाय दुकानात जाऊन पावशेर हरिद्रा मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग गिऱ्हाईक टाइप काय करतं? पुण्याची बाई 'हळद' लिहिते, म्हणजे एच-ए-एल-ए-डी. दिल्लीचा माणूस 'हल्दी' लिहितो. निर्यातदार यातलं काहीच लिहीत नाही. त्याला 'टर्मरिक फिंगर' हवं असतं, म्हणजे आपलं हळकुंड, किंवा 'टर्मरिक बल्ब', म्हणजे गट्टू, आणि पुढचा प्रश्न कुर्क्युमिन किती टक्के. एकाच पोत्यातल्या मालाला तिघं तीन नावांनी शोधतात. हे सगळे शब्द एका पत्त्यात कोंबायचा मोह होतो. पत्त्याच्या एका तुकड्यात ६३ अक्षरं मावतात, तेव्हा जागाही असते. पूर्वी त्याचा फायदाही व्हायचा. शोधायचा शब्दच पत्त्यात असला की गूगल त्याला वर आणायचं, म्हणून शब्द जोडून बनवलेल्या नावांचं पीक आलं होतं. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने असल्या पोकळ संकेतस्थळांना खाली ढकलणारा बदल केला आणि ते पीक बरंचसं झोपलं. आज फिंगर, बल्ब, कुर्क्युमिन हे शब्द आतल्या पानांच्या मथळ्यांत असले तरी पुरतं. नावाचं काम वेगळं आहे. एकदा ऐकलेलं किंवा पिशवीवर वाचलेलं ते दुसऱ्यांदा जसंच्या तसं बोटांतून उतरलं पाहिजे.

बहुतेकांचा कौल अर्थातच 'वसमत हळदी' या जोडीला होता. मानांकनाच्या नोंदीतही शब्द तसाच आहे. पण पत्त्यात मोकळी जागा सोडता येत नाही. कंपनीचा हिशेब पाहणाऱ्या मुलीने दोन्ही शब्द सलग लिहिले आणि वही आमच्याकडे फिरवली. "काका, टी आणि एच एका जागी आले बघा." वसमतचा टी, हळदीचा एच. मिळून थ. परका माणूस ते 'वसमथ आल्दी' असं वाचणार. मधे आडवी रेघ घालता येते, चालतेही, पण फोनवर दर वेळी "मधे आडवी रेघ बरं का" म्हणावं लागतं, आणि ते ऐकून कुणी खालची रेघ मारतं, कुणी 'आडवी' हा शब्दच लिहून मोकळं होतं.

खरी परीक्षा मग फोनवरच झाली, आणि मला वाटतं प्रत्येक नावाची तशीच व्हावी. एकाची बहीण पुण्याला, एकाचे साडू नागपूरला, एकाचा पुतण्या हैदराबादेत. प्रत्येकाला नाव एकदाच सांगायचं, अक्षरं सोडवून सांगायची नाहीत, आणि ऐकलं ते टाइप करून पाठवायला लावायचं. पुण्याहून वसमत डब्ल्यू ने आलं. हैदराबादहून शेवटी टीएच लागून आलं, कारण तिकडे त असाच लिहायची रीत आहे. बी ने लिहून पाहिलं तर फोनच बासमती सुचवू लागला. तांदूळ विकायचा असता तर गोष्ट वेगळी. 'हिंगोली हळद' म्हणताच नागपूरचे साडू म्हणाले, "हिंगाची गोळी पण काढली का तुम्ही?" त्यावर बराच वेळ हसण्यात गेला. गावाचं नाव आपल्याला इतकं ओळखीचं असतं की ते परक्याला कसं ऐकू येतं हे सुचतच नाही.

कायद्याचीही एक बाजू होती. मानांकित नाव एकट्याचं नसतं. ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, आणि ती शेजारच्या उत्पादकालाही करता येते. नुसतं ठिकाण किंवा नुसता माल सांगणारा शब्द स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून सहसा मिळत नाही. पत्त्यालाही व्यापारी नावासारखंच संरक्षण मिळू शकतं हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात मान्य केलं. पण संरक्षण मागायला आधी ते नाव आपलं म्हणून ओळखलं जायला हवं. 'हळद' या शब्दावर कोण हक्क सांगणार?

शेवटी एका शिवाराचं नाव पुढे आलं. छोटं, फोनवर तिन्ही ठिकाणी सारखंच लिहिलं गेलेलं. ते इथं देत नाही, लेखाची जाहिरात व्हायला नको. त्याच्या पुढे हळद की हळदी, यावर वाद झाला. "आपण हळद म्हणतो. हळदी कोण म्हणतं?" काका अडून बसले. मुलीचं म्हणणं, एच-ए-एल-डी-आय सगळा देश एकाच पद्धतीने लिहितो. हळद लिहिताना कुणी दोन ए घालतं, कुणी एकच, आणि ळ ला तर इंग्रजीत अक्षरच नाही. माझं मत मुलीच्या बाजूने पडलं. तोडगा असा निघाला की दोन्ही पत्ते घ्यायचे आणि हळदचा पत्ता हळदीकडे वळवून द्यायचा. वसमत पत्त्यात नसलं तरी पिशवीच्या दर्शनी भागावर, देवनागरीत, मोठ्या अक्षरांत राहील.

देवनागरीचा विषय निघाला तसा कुणीतरी विचारलं, पत्ताच मराठीत का नको? मिळतो. .भारत हा शेपटीचा शब्द २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाला, त्यात मराठीही आहे आणि ळ ला तिथं अडचण नाही. पण यंत्र आतून त्याचं इंग्रजी अक्षरांत रूपांतर करतं, आणि काही ठिकाणी हळदीऐवजी एक्स-एन ने सुरू होणारी अगम्य ओळच दिसते. कित्येक अर्जांमध्ये असा ईमेल पत्ता स्वीकारलाच जात नाही. मुख्य पत्ता म्हणून मी तो सुचवला नाही. तिसरा म्हणून काकांनी तो घ्यायला लावलाच.

नाव ठरलं म्हणून लगेच मागणी येईल असंही काही जणांना वाटत होतं. पी हळद अन् हो गोरी. .कॉम आणि .इन दोन्हींवर ते शिल्लक आहे का हे पाहून त्याच बैठकीत घेऊन टाका, एवढंच मी म्हणालो.

संकेतस्थळ बनवणारा तरुण नोंदणी स्वतःच्या खात्यातून करून द्यायला तयार होता. तसं सर्रास चालतं, आणि पुढे त्या माणसाशी बिनसलं की पत्ताही त्याच्याचकडे राहतो. कंपनीचे खजिनदार म्हणाले, "सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून पेरणी करायची का?" नोंदणी कंपनीच्या नावाने, कंपनीच्या ईमेलवर झाली. पत्ता विकत मिळत नाही, एक ते दहा वर्षांच्या मुदतीने मिळतो. मुदत चुकली तर दुसरा कुणीही उचलतो. त्यांनी पाच वर्षांची घेतली आणि नूतनीकरणाची तारीख ऑडिटच्या तारखांच्या वहीत लिहून ठेवली. छापखान्याला पत्ता फोनवर न सांगता लिहून पाठवला.