गेल्या सालची लस यंदा पुरत नाही



थंडीत ऊस तुटून गेला, की आपल्यापैकी कित्येकांची म्हातारी माणसे विक्रोळीला, कन्नमवार नगरात मुलांकडे जातात. दाट वस्तीत फ्लू झटकन पसरतो. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातच गेला होता.

जुन्या बेण्यात रोग साठतो, म्हणून बेणे बदला असे आम्ही सांगतो. फ्लूचे निराळे आहे. तिथे रोगच रूप पालटतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना दरसाल फेब्रुवारीत व सप्टेंबरात लसीत काय असावे ते नव्याने ठरवते. टोचल्यावर अंगात ताकद यायला सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा वयस्कर, मधुमेही, दमेकरी व गरोदर बायांनी गाडीत बसण्याआधीच घरच्या डॉक्टरांना विचारावे, “लस यंदाचीच ना?”

— ऊस विकास अधिकारी