पहिल्या जागेवर कोण?

सकाळी सहा. पाऊस रात्रीपासून थांबलेला नाही. चहाच्या कपाशेजारी पाचवीच्या वह्या, विषय 'आमचे धरण'. "धरण मोठे आहे. धरण भोगावतीवर आहे. धरणाला सात दरवाजे आहेत. धरण शाहू महाराजांनी बांधले." पुढची वही उघडली, तिथंही तेच. शुद्धलेखन ठीक. लाल पेन टेकवायचा कुठं?

साडेदहा. परिपाठ. निम्मी पोरं भिजलेली.

अकरा. पाठकोऱ्या कागदांवर एकेक शब्द लिहून सहा जणांच्या हातात दिला : पावसाळ्यात, धरणाचे, सात, दरवाजे, आपोआप, उघडतात. प्रत्येकानं एकदा रांगेत पहिलं यायचं. 'आपोआप' पुढं आला, वाक्य जमलं. 'उघडतात' पुढं आला, तेव्हा मागून आवाज, "गुरुजी, पोवाड्यागत वाटतंय की!"

मराठीत हे जमतं ते प्रत्ययांमुळं. 'रामाने रावणाला मारले' यातले शब्द कसेही फिरवा, मार रावणालाच बसतो. इंग्रजीत जागा बदलली की राम मेला.

मग विचारलं, शब्दांच्या आठ जातींपैकी पहिल्या जागेवर कोण बसणार नाही? 'अबब!' बसलं. 'पण' बसलं, काहींना ते खपत नाही, मला खपतं. मी म्हणालो, शब्दयोगी अव्यय एकटं बसत नाही. एक मुलगी ताडकन उठली, "समोर धरण दिसतंय. बसलं की!" बरोबर होतं तिचं. म्हटलं, एकटं असलं की ते क्रियाविशेषण. 'शाळेसमोर' म्हटलं, नामाला चिकटलं, की शब्दयोगी.

"म्हंजे लग्न झाल्यावर आडनाव बदलतंय तसं!"

व्याकरणाच्या पुस्तकात हे इतकं सोपं नाही.

दीड. खिचडी.

सव्वादोन. तोच निबंध पुन्हा. आता सगळ्यांना क्रियापदाचं वेड लागलं. "आहे आमचे धरण. आहे ते मोठे." हसलो आणि खोडायला लावलं. मग एकाला सांगितलं, महाराजांचं वाक्य 'आधी'नं सुरू करून बघ. त्यानं लिहिलं, "आधी महाराजांनी काम सुरू केले." पुढं पेन्सिल अडली. "गुरुजी, नंतर काय झालं?"

'धरण'नं सुरू होणाऱ्या वाक्यात हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. सांगितलं : 1922 साली महाराज गेले तेव्हा धरण अपुरंच होतं, पुरं झालं ते त्यांच्या पश्चात. त्यानं 'नंतर' लिहिलं, ओळ पुरी केली. सकाळच्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, पण गोष्ट अर्धीच होती.

चार. दुसऱ्या एका वहीत : "महाराजांच्या मुलीवरून, राधाबाईंवरून, आमच्या गावाला नाव मिळाले." शेरा लिहिला नाही, वर्गात वाचून दाखवलं.

पाच. उद्याचा विषय दाजीपूरचा गवा. 'गवा'नं सुरू होणारं वाक्य एकदाच चालेल, असं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून कुलूप लावलं.