नातवाची जीभ कोठे अडते?

बेज्जूर हे गाव आज तेलंगणाच्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे; 2016 पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. त्या भागातून प्राणहिता वाहते व पलीकडे महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा लागतो. अशा सीमेवरील एखाद्या मराठी घराचे चित्र, वाचकहो, क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. नदीपलीकडच्या कचेरीतून वडिलोपार्जित शेतीविषयी कागद आला आहे. आजोबांची दृष्टी अधू. नातू तेलुगू शाळेत जातो. देवनागरी त्याला हिंदीच्या पुस्तकापुरती ठाऊक. तो वाचू लागतो: ‘सदर अर्जासोबत आवश्यक कागदपत्रे विहित मुदतीत सादर न केल्यास अर्ज विचारात घेतला जाणार नाही.’ शब्द कानी पडले, अर्थ हाती लागला नाही. मुदत टळली तर शेताचे काम अडणार.

दोष मुलाचा, असे आपण चटकन म्हणतो. आम्हांस तसे वाटत नाही. मजकूर किती कठीण आहे हे मोजता येते. अमेरिकेत रुडॉल्फ फ्लेश यांनी 1948 साली इंग्रजीसाठी सूत्र मांडले: वाक्यात सरासरी शब्द किती आणि शब्दांत उच्चारखंड किती, हे मोजावयाचे. मराठीस ते जसेच्या तसे लागू पडत नाही. आपण प्रत्यय शब्दालाच जोडतो. ‘शेजाऱ्यांकडूनसुद्धा’ हा शब्द लांबलचक, पण लहान मुलालाही कळतो. ‘विहित’ तीनच अक्षरांचा, आणि गाडी तेथेच अडते! खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी 2012 साली हिंदी व बंगालीसाठी निराळी मापे सुचविली, तेव्हा जोडाक्षरेही मोजली होती.

सूत्रे नव्हती तेव्हाही जाणत्या लेखकांस ही अडचण दिसत होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यास आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले; ओव्या सुमारे 11 हजार. शुद्ध मराठी सामान्य जनांस कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे बहुतेक अवघड शब्द आपण टाकले व ब्राह्मणांच्या भाषेतले सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले, असे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. एवढा विद्वान पुरुष वाचकासाठी शब्द बदलतो, मग कचेरीने का बदलू नयेत?

घरच्या घरी मोजण्याची रीत सोपी आहे. सावकाश वाचणाऱ्याच्या हाती कागद द्यावा. तो जेथे थांबेल तेथे पेन्सिलीने खूण करावी, आणि शेवटी, ‘काय समजले ते तुझ्या शब्दांत सांग,’ असे म्हणावे. वरच्या वाक्यात शब्द चौदा. आम्ही त्याची दोन वाक्ये केली, सात-सात शब्दांची: ‘अर्जाबरोबर लागणारे कागद ठरलेल्या तारखेच्या आत द्या. ते न दिल्यास अर्ज पाहिला जाणार नाही.’

आता आजोबा लगेच विचारतील, “पण तारीख कोणती रे, बाळा?” ती मूळ कागदात लिहिलेलीच नव्हती.